सड्यावरच्या माणसाचं माप

उत्तमभावजींना हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मध्येच विचारायला नको. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात, मिरच्या कुटायच्या डंकावर त्यांचं आयुष्य गेलं. तिथे दिवसभर लोखंडी मुसळं धाडधाड आपटत असतात. शेजारच्या माणसाला वेळ विचारायची तरी ओरडावं लागतं. मग घरी आल्यावरही तोच सूर. बायकोकडे चहा मागितला तरी मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना वाटतं, आपल्यालाच दटावलं. त्यांची बायको माया मात्र इतकं कमी बोलते, की दोघांचं मिळून हिशोबाने बरोबर येतं.

मी सीमा. माहेरची दादरची. आमच्याकडे मोठ्याने हसणं हेसुद्धा वाईट वळण. लग्न करून या चाळीत आले आणि पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून गर्जना झाली, "वैनी, दूध उतू जाता, बघा." दूध माझंच होतं, आणि खरंच उतू जात होतं. वास भिंत ओलांडून गेला होता. तेव्हापासून माझं आणि भावजींचं भांडण सुरू आहे. ते मिटावं असं मला कधी वाटलं नाही, कारण भांडायला चांगला माणूस सहज मिळत नाही.

दिसायला बुटके, तुळतुळीत टक्कल, शर्टाच्या घडीघडीत मिरचीची लाल पूड. त्यांच्या अंगावरून वारा आला की नवखा माणूस शिंकतो. पण चाळीत कुणाचंही काही शुभ असलं की आधी भावजींना हाक जाते, कारण ते घाडी. घाडी म्हणजे आमच्या ह्यांच्या गावी, देवगडकडे, देवासमोर गाऱ्हाणं घालणारं घराणं. कुणाचा नवा फ्रीज, कुणाची बारावी, कुणाच्या लेकीची सोयरीक, काहीही असो, भावजी हातात नारळ धरून, डोळे मिटून उभे राहणार आणि लालबागहून थेट गावच्या देवाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करणार, "बा देवा म्हाराजा..." एक वाक्य झालं की ते थांबतात. मग जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." आणि एकदा व्हय म्हटलं की तुम्ही त्यात सामील. गाऱ्हाण्यात व्हय म्हणून नंतर फिरायचं नाही, हा गावचा दंडक. नवी नवरी असताना मला हसू आवरायचं नाही. आता तोंडात पोह्यांचा घास असला तरी "व्हय म्हाराजा" आपोआप बाहेर पडतं, आणि पोहेही थोडे.

तर या माणसाचं आणि दगडात कोरलेल्या एका माणसाचं काय जमलं होतं, ते ऐका.

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान, नजर पोचेल तिथवर सपाट कातळ. त्या कातळावर चित्रं कोरलेली आहेत. एक हत्ती आहे, मासे आहेत, पाकट म्हणजे चपटी, लांब शेपटीची मासळी आहे, आणि मधोमध पाय फाकवून उताणा पडलेला एक उंचापुरा माणूस आहे. कुणी कोरली, ठाऊक नाही. गावातली म्हातारी माणसं म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत केली. शिकलेली माणसं म्हणतात, काही हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या लोकांनी केली. पण नक्की किती हजार, ते त्यांनाही सांगवत नाही. त्या लोकांचं घर नाही, भांडं नाही, देऊळ नाही. चित्रं तेवढी राहिली.

भावजी लहानपणी तिथे गुरं राखायचे. आमच्या गावच्या पोरांची एक रीत होती. दर शिमग्याला सड्यावर जायचं, त्या कोरलेल्या माणसात उताणं पडायचं, त्याच्या तळव्यांना आपले तळवे जुळवायचे आणि आपलं डोकं कुठवर पोचतं ते बघायचं. म्हणजे वर्षभरात आपण किती वाढलो ते कळतं. शाळेच्या भिंतीवर रेघा मारायला शाळेला भिंत होती कुठे? भावजींचं डोकं त्याच्या छातीपर्यंत पोचलं आणि त्याच वर्षी त्यांच्या बापाने त्यांना मुंबईत आणलं. निघताना ते सड्यावर जाऊन त्या दगडाला सांगून आले होते, "पुढच्या शिमग्याक तुका पुरो भरतंय." पुढचा शिमगा डंकावर गेला, त्याच्या पुढचाही. आणि मग जायला जमलं तेव्हा मिशी फुटली होती. एवढ्या मोठ्या माणसाने दगडात काय लोळायचं, लोक काय म्हणतील? गावी गेलं की चपला काढून कडेकडेने फिरून यायचं, बस्स.

हे सगळं मला माझ्या मुलीमुळे कळलं. आमची अनुजा लोअर परळला एका ऑफिसात जाहिरातींच्या फिल्मा कापायचं काम करते. साबणाच्या फेसाकडे दिवसभर बघून कंटाळली आणि म्हणाली, आई, मला आपल्या सड्यावर डॉक्युमेंटरी करायची आहे, छोटीशी, वीसेक मिनिटांची. मी म्हटलं, कर बाई, फेसापेक्षा दगड बरा. दिवाळीत कॅमेरा घेऊन गेली. सोबत वाट दाखवायला भावजी. परत आल्यावर तिने मला दाखवलं, तर सकाळच्या तिरप्या उन्हात एकेक रेघ अशी उठून दिसत होती की मी हातातली भाजी निवडायची विसरले. एका ठिकाणी अनुजाचा आवाज येतो, "काका, झोपून दाखवा ना त्या माणसात." आणि भावजी चक्क लाजतात, "गप गो बाय, ह्या वयात?" आणि कॅमेऱ्यासमोरून पळ काढतात.

फिल्म जवळजवळ झाली होती, आणि मग तो सुशांत उभा राहिला.

आता आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे, हे सांगायला हवं. गावात काय व्हायचं ते निम्मं परळच्या हॉलमध्ये ठरतं. सुशांत मेस्त्री त्याचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही हो. रे रोडला लाकडाच्या वखारीत मॅनेजर आहे, मंडळासाठी रविवार खर्ची घालतो, कुणी आजारी पडलं तर सगळ्यांच्या आधी दवाखान्यात पोचतो. गावच्या देवळाचे पत्रे गळतात, हे त्याला टोचत होतं. त्यात एक चिरेखाणवाला त्याला भेटला. म्हणाला, सडा द्या, मी कातळ कापून बांधकामाचे चिरे काढतो आणि तुमचं देऊळ दगडी बांधून देतो. सडा सगळ्या गावाचा सामाईक, त्यामुळे मुंबईकरांचा होकार हवा. सुशांतने सभा लावली. सभेत हात वर करायचे की विषय संपला. यंत्राची करवत फिरली की हत्ती, मासे आणि तो माणूस, सगळ्यांचे चिरे होऊन कुणाच्या तरी कंपाउंडात बसणार.

हे कळल्यावर भावजी गप्प झाले. मला आधी वाटलं, बरं झालं, जरा शांतता. दुसऱ्या दिवशी माया स्वतःहून आमच्या दारात आली आणि म्हणाली, "ते बोलत नाहीत." मायाला बोलावं लागलं, म्हणजे काय वेळ आली असेल बघा. मी तशीच गॅलरीत गेले. भावजी कठड्याला टेकून समोर बघत होते. पूर्वी तिथून, त्यांचा बाप कामाला होता त्या गिरणीचं धुराडं दिसायचं. आता तिथे काचेची इमारत आहे.

"वैनी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला कान द्यावा लागला, "बापूस माजो त्या गिरणीत आयुष्यभर रवलो. आता नातवाक दाखवूक एक वीट तरी आसा काय? त्या सड्यावरच्या लोकांका निदान दगडात हत्ती कोरूची अक्कल होती. तोय आमी विकूचो?"

मी त्यांना सांगितलं, "भावजी, रडगाणं पुरे. सभेत सगळ्यांना फिल्म दाखवू. बघितल्यावर कोण हात वर करतो ते बघू." आणि सुशांतला फोन लावला. मी हिंदमाताला साडीच्या दुकानात काम करते. नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला 'नुसती बघा तर खरी' म्हणून बसवायचं मला चांगलं ठाऊक आहे. सुशांत म्हणाला, दाखवा, पण मतदानाच्या आधी आणि लवकर आटपा.

अनुजाने आवाजासाठी ऑफिसातल्या एका मुलाला घेतलं होतं. गोड, स्वच्छ आवाज. ऐकताना वाटायचं, बँकेला फोन केलाय आणि आता आपल्याला एक दाबायला सांगणार. अनुजाच म्हणाली, "आई, हे नाही चालणार. काकांनाच बोलू दे." मी म्हटलं, तुझा माइक फुटेल. तसंच झालं. म्हणजे फुटला नाही, पण भावजींनी तोंड उघडलं की लॅपटॉपवरची आवाजाची रेघ सरळ लाल व्हायची. शेवटी माइक आमच्या खोलीत गाद्यांच्या मध्ये ठेवला, आणि भावजींना पाठवलं गॅलरीच्या पार टोकाला. मध्ये दार अर्धं लोटलेलं. तेव्हा कुठे आवाज माणसासारखा आला.

कागदावरचं त्यांनी काही वाचलं नाही. जसं आठवलं तसं सांगितलं. कुठला मासा कुठे, पाकटीच्या शेपटीत पावसाचं पाणी कसं साचतं आणि गुरं ते कसं पितात, माणसाच्या छातीपर्यंत आपण कसे पोचलो. आणि सगळं सांगून झाल्यावर, कुणी न सांगता, त्यांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. एवढं मोठं काम गाऱ्हाण्याशिवाय संपवायचं, हे त्यांच्या डोक्यातच बसेना. सवयीने प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. तेव्हा चाळीत कुणी नव्हतं, सगळे कामावर, म्हणून मधली जागा तशीच रिकामी गेली. मला अनुजाने गप्प बसायला बजावलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले.

"या रिकाम्या जागा काढू का?" अनुजाने मला विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नको. तिथे नुसता सडा दाखवते. वाऱ्याचा आवाज छान आलाय."

सभेला हॉल गच्च भरला होता. पुढच्या ओळीत सुंदराबाई बसल्या होत्या. आमच्या गावच्या सगळ्यात वडील, आणि सगळ्यांना सुनावण्यात पुढे. सुशांतने आधी देवळाबद्दल सांगितलं, आणि खरं सांगते, चांगलं सांगितलं. पत्र्यातून गळणाऱ्या पाण्यात देव भिजतो म्हटल्यावर माझाही हात वर जायला शिवशिवला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला. भावजी मागे भिंतीला चिकटून उभे होते आणि टक्कल पुसत होते. मग दिवे घालवले.

पडद्यावर सडा आला. लोक आधी आपापसात बोलत होते, तो कोण, ते घर कुणाचं, ती आमचीच म्हैस. मग उन्हात रेघा उठल्या आणि बोलणं थांबलं. पोरं एकमेकांना ढोसून सांगायला लागली, मी गुडघ्यापर्यंत होतो, मी कंबरेपर्यंत. पन्नाशीची पोरं, बरं का. पण मी सुशांतकडे बघत होते. तो हाताची घडी घालून दिव्याच्या बटणाजवळ उभा होता. त्याचं तोंड काही हललं नाही.

शेवटी पडद्यावर नुसता मोकळा कातळ राहिला, आणि भावजींचा आवाज आला.

"बा सड्याच्या राखणदारा म्हाराजा..."

आणि थांबला. वारा वाजला. अंधारात सुंदराबाईंच्या घशातून बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"तू कोण, खंयचो, तुजा नाव काय, आमका ठावक नाय..."

"व्हय म्हाराजा." आता दोन-तीन ओळी.

"पण आमच्या आधी तू हय होतंस, आणि तुज्या अंगाखांद्यावर आमची पोरां वाढली..."

"व्हय म्हाराजा." अख्खा हॉल. मीसुद्धा. अनुजा लॅपटॉपमागे तोंड उघडं टाकून बघत राहिली. तिच्या हे ध्यानीमनी नव्हतं.

"आज तुजी लेकरां मुंबैत एकवटली आसत. तुज्या अंगार कोणी हत्यार टाकतलो नाय, आणि आमी कोणाक टाकूक देवचंव नाय..."

"व्हय म्हाराजा." यात एक आवाज सगळ्यांच्या वर होता, खणखणीत. दिव्याच्या बटणाजवळून येत होता. सुशांतने डोळे मिटले होते, हात जोडले होते, आणि अगदी मनापासून म्हणत होता.

दिवे लागले. सुशांतने खाकरून कागद उचलला. "हां. तर आता, सडा चिरेखाणीला द्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात वर करायचं कुणाला सुचेना. सुंदराबाई वळल्या. "कसले हात वर करूक सांगतंस? आत्ताच व्हय म्हटलंस ना?"

"ते सवयीने आलं," सुशांत म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "ही फिल्म होती. फिल्ममधल्या गाऱ्हाण्याला काय अर्थ आहे?"

"देवाक फिल्म आणि बिगरफिल्म कळता काय? तू व्हय म्हटलंस, मी आयकलंय."

हसण्याची एकच लाट उठली. पण भावजी हसत नव्हते. ते मागून पुढे आले, घामाघूम. "सुशांत, मी मुद्दाम नाय केलंय," ते म्हणाले, म्हणजे त्यांच्या परीने म्हणाले, हॉलच्या खिडक्या हादरल्या. "फसवून सडो राखूचो नाय माका. गाऱ्हाणा मी मागे घेतंय. तुमी खुशाल हात वर करा."

मला त्यांची एक सणसणीत कानउघाडणी करावीशी वाटली. हातात आलेलं कुणी असं सोडतं का? सड्यासाठी दोन दिवस मुका झालेला हा माणूस.

पण सुंदराबाई उठून उभ्याच राहिल्या. "मागे घेवक ता काय दुकानातला लुगडा आसा?" हे मला फार पटलं. आमच्याही दुकानात घडी मोडलेली साडी परत घेत नाहीत.

"तरी घ्या मत," भावजी हट्टाने म्हणाले. "हात वर करा, ज्यांका व्हया त्येंनी."

एकही हात वर आला नाही. सुशांतने स्वतःचा हात खांद्यापर्यंत नेला, सुंदराबाईंकडे पाहिलं, पडद्यावर अजून थांबून राहिलेल्या कातळाकडे पाहिलं, आणि तोच हात डोक्यावर नेऊन केस खाजवले. "मी कंबरेपर्यंत होतो," तो हळूच म्हणाला. मग एकदम चिडून, "पण मग देवळाच्या छपराचं काय? देव भिजतोच आहे ना?"

"वासे तू बघ. लाकडातलो माणूस तू," भावजी म्हणाले. "कौलां आमी बघतंव." आणि लोक लगेच कुणाकडे जुनी कौलं पडून आहेत यावर भांडायला लागले. म्हणजे सभा सुरळीत झाली.

शिमग्याला आम्ही सगळे गावी गेलो. देवळावर कौलं चढत होती. सुशांत स्वतः वाशांवर चढून माणसांना शिव्या घालत होता. संध्याकाळी पालखीची गडबड सुरू व्हायच्या आधी भावजी मला म्हणाले, "वैनी, चला वायच सड्यावर." माया, अनुजा आणि मी मागोमाग निघालो. कातळ दिवसभर तापून कोमट झाला होता. भावजींनी चपला काढल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग टोपी मायाच्या हातात दिली आणि त्या माणसात हळूच बसले, मग आडवे झाले, आणि सरकत सरकत त्याच्या तळव्यांना आपले तळवे जुळवले.

"वैनी, खंयपर्यंत इलंय?" आकाशाकडे बघत त्यांनी गर्जना केली. सड्याच्या कडेच्या झाडावरचे कावळे उठले.

मी वाकून बघितलं. टक्कल त्याच्या हनुवटीशी थांबलं होतं. खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. पण भावजींशी मी आजवर भांडले, खोटं कधी बोलले नाही. "हनुवटीपर्यंत," मी म्हटलं.

वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण ते तिथेच पडल्या पडल्या हसायला लागले, पोट हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हंजे अजून वाढूचा आसा माका," म्हणाले. मग हसू थांबलं. त्यांनी दोन्ही हात त्याच्या हातांवर ठेवले, डोळे मिटले आणि बोलायला लागले. इतकं हळू, की मी दोन पावलांवर असून एक अक्षर कळलं नाही. त्यांच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच तसं बोलत होते. ओठ हलले आणि थांबले.

माया माझ्याकडे बघत होती, अनुजाही. काय मागितलं, कुणासाठी मागितलं, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. आम्ही तिघी म्हणालो, "व्हय म्हाराजा."